बेंबीच्या वर

“सुटलीस गं बाई,” मोठी सिस्टर म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण मनात म्हणालो नाही, चांगलं मोठ्यानं म्हणालो. टेबलावर आडव्या पडलेल्या बाईनं मान वळवली. पडद्यापलीकडे धाकटी सिस्टर कुणाचं तरी वजन घेत होती, तिचा आवाज मध्येच थांबला. बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं, ते मात्र आपटतच राहिलं. मोठीच्या हातात बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी होती, कारण मशीन दुरुस्तीला गेलं होतं, आणि ती नळी तिनं चादरीवरून, तीही चादरीची दुहेरी घडी करून, दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या पोटावर टेकवली होती. कान पुरता लावलाच नव्हता. लावल्यासारखा केला होता. नळीत सळसळ ऐकू आली, ती चादरीची. ठोके नाहीत. तिनं नळी बोटभर सरकवली, पुन्हा सळसळ. अशा वेळी काय करायचं हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं: चादर काढायची, उघड्या पोटावर नळी रोवायची, हात सोडून द्यायचा, कानानंच ती दाबून धरायची आणि श्वास रोखून ऐकायचं, इथं नाही तर तिथं. नवीन पोरींना इतकी वर्षं हे तीच शिकवत आली होती. पण तिनं त्यातलं काहीएक केलं नाही. तिला आतून गार वाटलं, तुंबलेल्या मोरीतलं पाणी एकदाचं गडगडत खाली उतरावं तसं, आणि ते शब्द निघून गेले.

“म्हणजे काय, सिस्टर?” बाईनं विचारलं.

“ठोके लागत नाहीयेत.”

“पण आत्ता तर हालत होतं. जिन्याखाली बसले होते तेव्हा.” बाईनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ती छताकडे पाहत राहिली, पोटातलं कुणी उत्तर देतंय का ह्याची वाट पाहिल्यासारखी. मग पडदा सर्रकन बाजूला झाला आणि धाकटी आत आली. तिनं काही विचारलं नाही. मोठीच्या हातातून नळी घेतली, चादर पायाशी ढकलली, बाईचा झगा वर केला आणि त्या ताणलेल्या, मध्यावर काळसर रेघ असलेल्या पोटावर नळी ठेवून तिच्यावर कान टेकला. तिचा गाल त्या कातडीला लागला. मोठीनं ते पाहिलं आणि तिच्या स्वतःच्या गालावर काटा आला. धाकटीनं खाली डावीकडे ऐकलं, खाली उजवीकडे ऐकलं, तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती वर वर सरकत गेली आणि एकदम थांबली. “आहेत की!” ती म्हणाली. “वर आहेत. बेंबीच्या वर. अहो, काय पळतंय!” बाईच्या डोळ्यांतून पाणी निघालं ते सरळ कानांत गेलं. ती उठून बसली, झगा नीट केला, चपला शोधल्या. सगळं अगदी सावकाश, कुणाच्या घरून जेवून निघाल्यासारखं. दाराशी मात्र ती वळली आणि धाकटीला ओलांडून मोठीकडे पाहत म्हणाली, “मी नाही यायची परत इथं. आईकडे जाते बाळंतपणाला. तिथली सुईण निदान हात तरी लावते माणसाला.” आणि गेली. धाकटीनं नळी पुसली, खणात ठेवली, खण लावला. मग अर्धवट राहिलेलं वजन घ्यायला पडद्यापलीकडे गेली.

त्या दवाखान्यात एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांसाठी एक बाकडं होतं, जिन्याखाली, जिथं जास्तीच्या बादल्या आणि मोडकी खुर्ची असायची. त्यांनी तिथं बसावं असा हुकूम कधी कुणी काढला नव्हता. कुणीतरी एकदा एकीला तिथं बसवलं, मग दुसरी आपणहून तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि मग तशी रीतच पडून गेली. त्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे नंतर टेबल धुऊन टाकता येतं. त्यांना तपासायचं ते चादरीवरून. हेही कुणी सांगितलेलं नाही, पण हात आपोआप चादर ओढून घ्यायचे. आजाराचं नाव कुणी घेत नसे. “जिन्याखालच्या झाल्या का?” एवढं विचारलं की सगळ्यांना कळायचं. चहाच्या वेळी त्यांच्यावर बोलणं निघालं की एकेकीला ऊत यायचा. “गोळ्या खायच्या कळतात, तारखा कळतात, एवढी एक गोष्ट तेवढी कळत नाही!” “हौस हो, दुसरं काय.” “आम्ही धडधाकट असून एकावर थांबलो, आणि ह्यांचं बघा.” मोठी स्वतः असलं काही बोलत नसे. ती नुसता वरचा ओठ उचलायची, नाकाखाली कुणीतरी काहीतरी धरल्यासारखा, आणि सगळ्यांत जास्त हशा त्यालाच पिकायचा.

आता बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःची बाजू मांडत होती. कुणापुढे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. निघालं तोंडून, निघतं माणसाच्या. दिवसभर उभं राहून पायांचे खांब होतात, त्यात मशीन बंद. आणि वाईट काय बोललो आपण? सुटलीस म्हणालो. शिवी नाही दिली. उद्या ते पोर जन्माला येणार, आईबाप दोघंही गोळ्यांवर, त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्याला कोण बघणार? ह्याचं उत्तर तिला येत होतं, हीच पंचाईत होती. दवाखान्यानं प्रशिक्षण दिलं होतं त्यात तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली होती: गोळ्या वेळेवर घेतल्या तर आई चांगली जगते, बाळाला लागण व्हायची भीती अगदी थोडी उरते, घामानं, स्पर्शानं, एका कपातून चहा प्यायल्यानं काही होत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. टाळ्या संपल्यावर मोठीनं कोपरापर्यंत हात धुतले होते, कारण शेजारच्या खुर्चीवर बसलेली पाहुणी, जिनं स्वतःची हकीकत सांगितली, तिनं जाताना तिचा हात हातात घेतला होता. डोक्यात उत्तर एक आणि हातांत दुसरंच. हातांना कोण शिकवणार?

आणि आजाराचं म्हणाल तर मोठी आजाराला भ्यायली नव्हती कधी. सडलेले पाय तिनं धुतले होते, पू काढला होता, ज्यांच्या खाटेजवळ पोटचे मुलगे नाकाला रुमाल लावून उभे राहायचे त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घातली होती. ह्याच आजारानं वाळून काटकी झालेल्या पुरुषांना तिनं कुशीवर वळवलं होतं. तेव्हा ओठ वर गेला नव्हता. माणूस आजारी पडला की त्यानं आजाऱ्यासारखं पडून राहावं, आपण त्याचं करावं, ह्यात तिला काही वावगं वाटत नसे. तिच्या डोक्यात जायचं ते पोट. ते पोट म्हणजे सरळसरळ सांगणं होतं की ही बाई इथून गोळ्या घेऊन घरी जाते, नवऱ्याशी हसते, दिवा मालवते आणि त्याच्याजवळ निजते. रक्तात ते असताना. दोघांच्याही. तिला ते दिसायचंच, नको म्हटलं तरी दिसायचं: घामेजलेली उशी, एकात एक अडकलेले पाय, आणि त्या सगळ्यातून काहीतरी धरतं, चिकटतं, वाढायला लागतं. मळमळायचं तिला. पुढच्या सीटवरचा माणूस पेंगत होता. त्याच्या मानेवरच्या वळीत घाम साचला होता आणि बस हिंदकळली की तो वळीतून ओघळायचा. तिनं तोंड फिरवलं तर काचेवर कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा गोल उमटलेला. सगळीकडे माणसंच माणसं, आणि सगळी ओली.

हा वरचा ओठ तिचा नव्हता, आईचा होता. तिच्या लहानपणी मावशी त्यांच्याकडे राहायला आली होती, मागच्या खोलीत, कारण तिला क्षय झाला होता. मावशीचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी मुलांनी थांबायचं. आई बहिणीचं सगळं करायची, अगदी मनापासून, रात्री उठून तिची पाठ चोळायची. आणि मग एक दिवस कळलं की मावशीला दिवस गेलेत. तेव्हापासून आईनं पाठ चोळायचं सोडलं. “ह्या अवस्थेत?” एवढंच ती म्हणाली, स्वयंपाकघरात, कुणाकडे न बघता, आणि तिचा ओठ वर गेला तो मावशी परत जाईपर्यंत खाली आला नाही. पुढं एका दुपारी मावशीनं खिडकीतून पेरू दिला, तिनंच एक चावा घेऊन पाहिलेला, गोड आहे म्हणून दिलेला. पोरीनं तो तिथंच उभ्याउभ्या खाल्ला. इतका गोड पेरू तिनं आजतागायत खाल्लेला नाही. अर्धा झाला असेल नसेल तोच आईनं मनगट धरलं, पेरू भिंतीपलीकडे फेकला आणि तिला नळाखाली नेऊन बोटानं साबण लावून तिचं तोंड आतून धुतलं, जीभ, हिरड्या, टाळू, पार घशापर्यंत. ती ओकली. खिडकीतून मावशी हे सगळं पाहत होती. पाहत होती आणि पोटावर हात फिरवत होती. पेरवाची गोडी आणि साबणाचा कडूपणा तिच्या तोंडात तेव्हा जे एकत्र झाले ते पुन्हा वेगळे झाले नाहीत. मावशीच्या बाळाचं काय झालं हे घरात कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचीही सोय नव्हती.

घरी आली तर न्हाणीघराचं दार उघडं आणि आत सून ओणवी. पाचवा महिना लागला तरी तिचं ओकणं थांबलेलं नव्हतं. “आलात आई?” ती ओकता ओकताच म्हणाली. पोरगी लाघवी होती, दारात पाऊल टाकणाऱ्याची विचारपूस करायची तिला खोडच होती. मोठीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, कपाळ धरलं, पाणी दिलं. हात सगळं बरोबर करत होते. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे सुनेचं बघायचं ते हिनंच. नवरा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन शेंगदाणे खात होता. “काय गं, आज किती पोरं आली जगात?” त्यानं रोजच्यासारखं विचारलं. त्याच्या जबड्याचा कटकट आवाज येत होता. ओठांच्या कोपऱ्यात दाण्याचं लाल साल चिकटलेलं. हा माणूस वाईट नव्हता. उभ्या जन्मात त्यानं तिला एक वेडावाकडा शब्द ऐकवला नव्हता. फक्त मुलगा झाल्यानंतर तिनं आपलं अंथरूण वेगळं केलं ते कायमचं, आणि त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. समजूतदार म्हणून लोक त्याची वाखाणणी करत. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? तुमच्या अंगाला वास येतो? येत नव्हता. माझ्या अंगाला येतो, असं खरं म्हणजे तिला वाटायचं. मुलगा पोटात होता तेव्हा नऊ महिने तिला वाटत राहिलं की आपल्याला कुणीतरी आतून चाटतंय. बाळ झालं, गोरंगोमटं, सगळ्यांनी कौतुक केलं, तिनंही केलं. त्याला ती साबणानं एवढं धुवायची की डॉक्टरांनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, कातडी जाईल त्याची.

जेवणं झाली, सून भांडी आवरू लागली आणि एकदम ओट्याशी थांबली. “आई, आई, इकडे या लवकर! हाललं!” तिनं सासूचा हात ओढला आणि पोटावर ठेवला, बेंबीच्या खाली, गाऊनच्या आत, थेट. कातडी गरम होती, थोडी ओलसर. “लागतंय का? थांबा, परत मारेल.” पोरीचे डोळे चमकत होते. आणि मग खालून हलकेच काहीतरी टपकन लागलं, आतून कुणी टिचकी मारल्यासारखं, आणि मोठीला ओळखीची मळमळ आली. तीच. तस्सीच. जिन्याखालच्या पोटावर नळी टेकवताना येते ती, कणभर कमी नाही की जास्त नाही. ती दचकली. ह्या पोरीच्या रक्तात काही नाही, तिनं स्वतः तपासण्या करून आणल्या होत्या. पोरगी तिच्या मुलाची बायको, पोटात तिचा स्वतःचा नातू किंवा नात. मग हे काय? हात मागे घ्यायचा नाही, ओठ वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. ती हसली. “चांगलं जोरात आहे गं,” म्हणाली. आणि आत तिच्या लक्षात येत होतं की इतकी वर्षं आपण एका आजाराला उगाच साक्षीला उभं करत होतो. किळस आपली होती. आपल्याला सगळ्यांचीच येते. ह्या बायकांची येते म्हटलं की चारचौघांत चालतं, चहाबरोबर हशा पिकतो, इतकंच. बाकीच्यांची आली तर ती गिळावी लागते.

“इथंच खाली लागतं नेहमी,” सून सांगत होती. “तुमच्या मशीनवर ठोके पण खालीच लागले होते ना त्या दिवशी?”

“आत्ता काही खरं नसतं गं. पोहत असतं ते. दिवस भरत आले की मग डोकं खाली करतं, आणि मग ठोकेसुद्धा—” मोठी बोलता बोलता थांबली. मग ठोकेसुद्धा खाली लागतात. दिवस भरत आलेल्या बाईचे ठोके खाली लागतात. धाकटीला कुठं लागले? वर. बेंबीच्या वर. ती नवी, तिला ठोके लागले ह्यातच आनंद, त्या ‘वर’चा अर्थ तिला कुठून कळणार. अर्थ कळायला हवा होता तो मोठीला, तिथल्या तिथं, आणि ती तेव्हा धाकटीचा गाल त्या कातडीला लागलेला बघून शहारत उभी होती. चादर काढून नुसते दोन हात त्या पोटावर ठेवले असते तरी कळलं असतं: वर बरगडीखाली गरगरीत टणक डोकं, खाली मऊ ढुंगण. बाळ पायाळू होतं. आणि ती बाई चालली होती आईकडे, सुईणीच्या हातून बाळंत व्हायला, जिला ना बाळ उलटं आहे हे माहीत, ना हिच्या रक्तात काय आहे ते. पाय आधी बाहेर येणार आणि डोकं अडकणार. जगलंच तर जन्मल्याबरोबर द्यायचं औषध त्याला कुणी देणार नाही. मोठीचा हात अजून सुनेच्या पोटावर होता. “काय झालं, आई?” सुनेनं विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सकाळी धाकटीला तिनं औषधांच्या खोलीत गाठलं. “ती कालची कुठं राहते?”

“कशाला? माफी मागायला?” धाकटीनं वर न बघता विचारलं.

“पायाळू आहे बाळ. तू वर ऐकलंस ना ठोके.”

धाकटीचा चेहरा पडला. क्षणभर दोघी नुसत्या दोन नर्सा होत्या. “मला नाही हो कळलं,” ती म्हणाली. “थांबा, मी जाते. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये असते ती. माझे केस तीच कापते. मी काल फोन केला होता तिथं, उद्या निघणार आहे म्हणे गावाला.”

“तिच्याकडून कापून घेतेस?” मोठीच्या तोंडून गेलं. धाकटीची मान गोरी, बारीक, वर केसांची नीट कापलेली कड. त्या कडेवरून ते हात फिरलेले.

“चांगली कापते,” धाकटी म्हणाली. “फोनवर सांगू का? पण फोन मालकीण उचलते. मीच जाते ना, मोठ्या सिस्टर.”

“मी जाईन.”

“तुमचं ऐकेल ती?”

“चूक माझी झाली, मी निस्तरीन,” मोठी म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचा आवाज बरा वाटला, भारदस्त. दिवसभर ती तो आवाज मनात घोळवत राहिली. जाऊन काय म्हणायचं तेही जुळवलं: काल माझं चुकलं बाई, मनात तसं नव्हतं. हे खोटं होतं. तिनं ते बदललं: काल मी बोलायला नको होतं. हे चालण्यासारखं होतं.

पार्लर म्हणजे एक लांबट खोली होती. दोन खुर्च्या, मागच्या भिंतीला केस धुवायचं भांडं, जमिनीवर निरनिराळ्या डोक्यांचे केस एकत्र झाडून ठेवलेले. ओल्या केसांचा आणि रंगाचा वास. मालकीण एका गिऱ्हाइकाचे केस वाळवत होती. “केस धुवायचेत?” तिनं विचारलं. मोठी फक्त मान हलवू शकली. “बसा मागं. ए, बाईंना घे गं.” आणि पडद्याआडून ती आली, हात पुसत. तिनं मोठीला ओळखलं, आणि ओळखून चेहरा असा बंद केला की मालकिणीला काही वास लागू नये. “या,” ती म्हणाली. “मान मागं टाका.” मोठीनं मान मागं टाकली. भांड्याची गार कड मानेखाली आली, गळा उघडा पडला, डोळ्यांपुढं छताला पडलेला ओलीचा डाग. मग त्या बाईची बोटं तिच्या केसांत शिरली.

एका बोटाला पट्टी होती. ती मोठीनं बरोबर पाहिली. पट्टी ओली होऊन कडेनं सुटत आलेली, आणि ते बोट तिच्या टाळूवरून गोल गोल फिरत होतं. तिला सगळी उत्तरं पाठ होती. तिनं ती एकेक करून म्हटली आणि एकाचाही उपयोग झाला नाही. तिच्या घशाशी साबण आला, जुना, कडू. पळून जावं म्हटलं तर डोक्याला फेस. बाई वाकली की तिचं पोट मोठीच्या खांद्यावर यायचं, भांड्यापाशी जागाच तेवढी अरुंद. ते जड होतं, उबदार होतं, ते नको होतं, आणि त्याच्या वरच्या अंगाला काहीतरी टणक, गोल, नारळाएवढं मोठीच्या खांद्याला लागत होतं. डोकं. हातांना जे काल कळायला हवं होतं ते आज खांद्याला कळलं. मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं. तेवढ्यात बोलणं भाग होतं. जुळवून आणलेलं वाक्य काही आलं नाही.

“बाळ पायाळू आहे,” ती छताकडे बघत म्हणाली.

बोटं थांबली नाहीत. “तुम्हाला काय माहीत? तुम्हाला तर ठोकेच नव्हते लागले.”

“मी खाली शोधत होते. डोकं खाली असलं तर खाली लागतात. धाकटीला वर लागले. आत्ता माझ्या खांद्याला लागतंय ते त्याचं डोकंच आहे.”

बाई सरळ झाली. तिनं साबणाचा हात पोटाला लावला, वर, बरगडीखाली, आणि तो गोल चाचपला. “मला वाटलं ढुंगण आहे,” ती हळूच म्हणाली. “रोज गोंजारते मी.” मग पुन्हा वाकून, “फिरतं का ते?”

“कधी कधी फिरतं. नाही फिरलं तर पोट उघडून काढावं लागतं. सुईणीच्या हातची गोष्ट नाही ही. जीव जाईल त्याचा, नाहीतर तुझा. आणि लगेच त्याला औषध द्यायचं असतं, ते तुला ठाऊक आहे. जाऊ नकोस आईकडे. दवाखान्यातच ये.”

यंत्र बंद झालं. मालकीण गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलून हसली. बोटं पुन्हा केसांत फिरायला लागली, एकीची मान दुसरीच्या हातांत. यंत्र पुन्हा सुरू झालं.

“तुम्ही असाल तिथं?” बाईनं विचारलं.

मोठीचा ऊर भरून आला. आपल्याला असं काही व्हायचं राहिलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. “असेन ना,” ती म्हणाली. “मी स्वतः उभी राहीन तुझ्याजवळ. अगदी काळजी करू नकोस.”

“मग नाही येत,” बाई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी आवडत नाही म्हणून सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मोठीनं मान उचलू पाहिली पण तिच्या कपाळावर हात होता. “अगं, पण जिवाशी खेळ—”

“माझं बाळ जगात आल्या आल्या तुमचं तोंड बघायला नको त्याला. दुसरं कुणीही चालेल. झाडूवाली चालेल. तुम्ही नको.”

पाणी नळातून नुसतंच वाहत होतं. मोठीच्या मनात पुष्कळ आलं, आपण कोण, किती वर्षांच्या, पायाळू बाळ हातानं सोडवणारी ह्या दवाखान्यात आपल्याशिवाय कोण आहे. हे शेवटचं तर खरंच होतं. ते सगळं तिनं गिळलं. “नसेन मी,” ती म्हणाली. “तू आलीस की मी रजा टाकीन. धाकटी असेल, डॉक्टर असतील.”

“नक्की?”

“नक्की.”

“दारापाशीसुद्धा नाही?”

“दारापाशीसुद्धा नाही.”

“मग येते,” बाई म्हणाली आणि पाणी धरलं.

फेस वाहून जायला लागला आणि मोठीला एकदम हलकं वाटलं. ते रक्त नको, तो चिकट गोळा हातात घ्यायला नको, ती नाळ नको, काही नको. रजा. एवढं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि आपल्याला हलकं वाटतंय हे कळलं त्याबरोबर तिला जी किळस आली तिच्यापुढं आजवरची सगळी किळस काहीच नव्हती, कारण ही धुवायला कुठं जागाच नव्हती. ती तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडांनी जे येत होतं ते पाण्याबरोबर जात होतं, कुणाला दिसलं नसतं.

“पाणी फार गरम नाही ना?” बाईनं विचारलं, मालकिणीला ऐकू जाईल एवढ्यानं.

“नाही,” मोठी म्हणाली.